हॉस्पिटॅलिटीचा तिसरा तुकडा

इर्मगार्ड थीसनने दोन्ही हात खाली सोडले तरी मागच्या रांगेतला हेन्री पेनर गातच राहिला. त्याला थांबायला नेहमीच अर्धी ओळ जास्त लागायची.

"पुन्हा थुंकलात सगळे," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. पहिल्या तालमीला पोट धरून हसले होते. आता हसण्याची हौस फिटली होती. चर्चच्या तळघरात उकडत होतं, बाहेर शेतं पेरून झाली होती, उजेड अजून चांगला होता आणि प्रत्येकाला घरी जाऊन बागेत काहीतरी लावायचं होतं.

"थुंकलो नाही, जे लिहिलंय ते गायलो," हेन्री म्हणाला. "तूच म्हणतेस ना, कागदावर आहे तेच गा."

कागदावर होतं खरं. जर्मन बोलणाऱ्या पूर्वजांनी वसवलेल्या लिंडेनथाल गावात नवं वृद्धनिवास बांधून तयार झालं होतं आणि त्याच्या उद्घाटनासाठी कॉर्नी फ्रीसनने गाणं रचलं होतं. शब्द त्याचे, चालही त्याचीच. प्रत्येक लांब शब्द पट्टी लावून आडव्या रेघांनी तोडलेला आणि प्रत्येक तुकड्यावर एक सूर. दिसायला इतकं नीटनेटकं की चूक काढायला कोणाची जीभ रेटू नये.

पण गायला लागलं की घोटाळा. चालीतला पहिला सूर हलका, दुसरा भारी, तिसरा हलका, चौथा भारी, असं शेवटपर्यंत. आणि पहिलीच ओळ अशी: 'हॉस्पिटॅलिटी वुई ऑल शेअर', म्हणजे आलेल्याचं आदरातिथ्य आपण सगळे मिळून करतो. त्यातला 'हॉ' हलक्या सुरावर निसटून जायचा आणि पुढच्या भारी सुरावर बावीस तोंडांतून एकदम 'स्पिट' निघायचं. स्पिट म्हणजे थुंकणं. नव्या इमारतीच्या दारात उभं राहून सगळं गाव पाहुण्यांवर थुंकणार होतं.

"सूर बदलून टाक की," पियानोवरची लिओना डिक म्हणाली. "पहिले दोन सूर मी झटकन वाजवते. कोणाला कळणार आहे?"

"कॉर्नीला कळेल. तो हाताने मोजत बसतो."

"मग शब्द बदल."

"तेही त्याला कळेल."

"मग थुंकू या," लिओना म्हणाली आणि पियानोचं झाकण लावलं.

नाही म्हणण्याची सोय नव्हती. ते वृद्धनिवास उभं राहिलं ते कॉर्नीमुळे. वर्षानुवर्षं त्याने गावातल्या प्रत्येकाच्या दारात उभं राहून डोकं खाल्लं होतं. आयुष्यभर त्याने ट्रॅक्टर आणि पेरणीयंत्रं विकली होती, आणि एकदा दिलेला माल परत घेणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. इर्मगार्डने त्याला तीनदा फोन केला होता. पहिल्यांदा त्याने नीट ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा म्हणाला, "बघतो." तिसऱ्यांदा टीनाने, त्याच्या बायकोने, फोन घेतला आणि ते कोंबड्यांकडे गेलेत असं सांगितलं. फ्रीसनांनी कोंबड्या केव्हाच विकल्या होत्या.

म्हणून रविवारी दुपारी ती सरळ त्यांच्या घरी गेली. रविवारच्या फास्प्याला, म्हणजे कॉफी आणि पावाच्या त्या दुपारच्या खाण्याला, आलेल्या माणसाला लिंडेनथालमध्ये कोणी परत पाठवत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. टेबलावर एकावर एक बसवलेले जोडपाव होते, चीज होतं, रुबार्बचा मुरंबा होता. कॉर्नी टेबलाच्या टोकाशी बसला होता. तिला पाहून त्याने पाव खाली ठेवला.

"आली मास्तरीणबाई," तो म्हणाला. तिने गावच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं आणि हे विसरण्याची संधी तो तिला कधी देत नसे.

"कॉर्नी, मी भांडायला आलेली नाही."

"मग मुरंबा घे."

तिने मुरंबा घेतला. मग भांडायला सुरुवात केली. "हॉस्पिटल म्हणा बघू."

"हॉस्पिटल."

"जोर कुठे आला?"

"जोर कसला? हॉस्पिटल म्हणजे हॉस्पिटल."

"पहिल्या तुकड्यावर आला. हॉस. आता हॉस्पिटॅलिटी म्हणा. मागे 'इटी'चं शेपूट लागलं की जोर पुढे सरकतो आणि शेपटाच्या अगदी अलीकडच्या तुकड्यावर बसतो. टॅ. तिसरा तुकडा. इलेक्ट्रिकला शेपूट लावा, इलेक्ट्रिसिटी. ॲक्टिव्हला लावा, ॲक्टिव्हिटी. जोर सरकतोच. आणि तुमच्या चालीत भारी सूर येतो दुसऱ्या तुकड्यावर, म्हणून ते थुंकणं."

कॉर्नीने हाताचा पालथा पंजा हनुवटीखाली धरला आणि सावकाश म्हणाला, "हॉस. पि. टॅ. लि. टी." दर तुकड्याला हनुवटी पंजावर टेकत होती. "पाच. मग वुई, ऑल, शेअर. तीन. आठ झाले. प्रत्येक ओळीत आठ आहेत. एकही कमी नाही, एकही जास्त नाही."

"मोजणी बरोबर आहे हो."

"मग चुकलं काय? मी शाळेत गेलो तेव्हा घरच्या प्लाट जर्मनशिवाय मला एक शब्द येत नव्हता. आमच्या बाईंनी हनुवटीखाली हात ठेवायला शिकवलं. जितक्यांदा हनुवटी पडेल तितके तुकडे. सगळं इंग्रजी मी असंच शिकलो. इतकी यंत्रं विकली त्या इंग्रजीवर. कोणी म्हणालं नाही की फ्रीसन, तुझा जोर चुकला."

"हनुवटी तुकडे मोजते, कॉर्नी. जोर नाही मोजत. ती हलक्याला पडते तशीच भारीला पडते."

"दुसऱ्या ओळीत कम्युनिटी आहे. 'कम्युनिटी, अवर होप अँड प्रेअर.' त्यालाही तुझं ते शेपूट आहेच. तिथे कोणी थुंकत नाही."

"कारण कम्युनिटीत शेपटाअलीकडचा तुकडा दुसराच आहे. म्यू. तो तुमच्या भारी सुरावर आपोआप बसतो. तुमचं नशीब."

"नशीब नाही. मी रचलंय," कॉर्नी म्हणाला.

इर्मगार्डने कॉफीचा घोट घेतला आणि तो गरम असल्याचं तिला उशिरा कळलं. आठवीच्या वर्गातली मुलंसुद्धा इतकी हेकट नव्हती. तिने पर्समधून कागद काढला. "हे बघा. एकच शब्द बदललाय. 'अवर हॉस्पिटॅलिटी वुई शेअर.' पुढे एक हलका शब्द आला, की सगळं एक घर सरकतं आणि टॅ भारी सुरावर येतो. तुकडे तेच, आठ. यमक तेच, शेअरला प्रेअर. काही म्हणजे काही बिघडत नाही."

कॉर्नीने चष्मा लावला, ओळ वाचली आणि कागद तिच्याकडे परत सरकवला.

"ऑल कुठे गेला?"

"ऑल काढला. त्याच्याशिवाय अर्थ तोच राहतो."

"नाही राहत."

"कॉर्नी, 'आपण करतो' म्हटलं की त्यात सगळे आलेच ना."

"नाही येत," तो म्हणाला. उठला, टोपी डोक्यावर घातली आणि मागच्या दाराने बाहेर गेला. जाळीचं दार त्याच्यामागे दोनदा आपटलं.

इर्मगार्ड त्या दाराकडे बघत राहिली. एका दोन अक्षरी शब्दासाठी एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस पाव अर्धा टाकून गेला होता.

"कोंबड्यांकडे गेले का?" तिने विचारलं.

टीना हसली. ती बुटकी, जाड काचांचा चष्मा लावणारी बाई होती आणि आतापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. तिने नवऱ्याचा अर्धा पाव आपल्या ताटात घेतला. "तू किती वर्षांची होतीस आमच्या लग्नात?"

"मी नव्हते तुमच्या लग्नात."

"तेच म्हणते मी."

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी बोलत नसे. चर्च फुटलं होतं तेव्हा. उपासना जर्मनमध्ये करायची की इंग्रजीत, यावरून भावाभावांनी तोंडं फिरवली आणि इंग्रजीवाल्यांनी त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आपलं वेगळं चर्च बांधलं. टीना इंग्रजीवाल्यांची, फ्रीसन जर्मनवाल्यांचे. इर्मगार्डचे वडील जर्मनवाल्यांकडे गाणं उचलून देणारे होते. त्यांनी पहिला सूर लावल्याशिवाय तिथे कोणी तोंड उघडत नसे.

"जेवण आमच्या यंत्रांच्या शेडमध्ये होतं," टीना म्हणाली. "दोन रांगा टेबलं मांडलेली. एक फ्रीसनांच्या बाजूची, एक आमच्या. कॉर्नीने स्वतः मांडली होती, आदल्या दिवशी. सॉसेज, बटाटे, मनुकांचं सार, सगळं दोन्ही रांगांना. त्याला वाटत होतं, येतील. आई तरी येईल. आम्ही थांबलो. साराला साय धरली. मग माझ्या वडिलांनी प्रार्थना करून जेवायला सुरुवात केली आणि ती दुसरी रांग तशीच राहिली. ताटं मांडलेली. संध्याकाळी कॉर्नीने ती एकट्याने उचलली. मला हात लावू दिला नाही."

"माझे वडीलही येणार होते का?"

"तुमच्या सगळ्यांची ताटं होती. तुझंही असेल. तेव्हा तू अगदी लहान होतीस." टीनाने मुरंब्याची बरणी बंद केली. "आता त्या नव्या इमारतीत जेवायची खोली एकच आहे. दोन्हीकडचे म्हातारे एका टेबलावर बसणार. त्यासाठी तर धडपडला तो. आणि तू म्हणतेस, ऑल काढा."

इर्मगार्ड गाडीत येऊन बसली आणि किल्ली न फिरवताच बसून राहिली. तिला लाज वाटायला हवी होती, थोडी वाटलीही, पण त्याहून जास्त चीड आली. आता चिडायचीही सोय राहिली नव्हती. माणूस नुसता हट्टी असता तर त्याला हरवता आलं असतं. हे सांगायला काय झालं होतं त्याला? तीनदा फोन केला तेव्हा? आणि हे सगळं कळून थुंकणं कुठे थांबणार होतं? गाणाऱ्यांना टीनाच्या लग्नाची हकीकत सांगितली म्हणून त्या तुकड्यावरचा जोर काही हलणार नव्हता.

पुढचे चार दिवस ती ऑलसकट ओळ बसवत होती. भांडी घासताना, बागेत, गाडीत. 'अवर हॉस्पिटॅलिटी वुई ऑल शेअर' केलं तर नऊ तुकडे होत होते आणि चाल शेवटी अडखळत होती. दुसरा शब्द घालावा तर जेनेरॉसिटी, म्हणजे औदार्य. त्यालाही तेच शेपूट, त्याचाही जोर तिसऱ्यावर, तीच रड. वेलकम घातलं तर तुकडे कमी पडले. इंग्रजीवर आयुष्य घालवून एक ओळ सुधारत नव्हती. बुधवारी तिने कागद चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला, मग डब्यात हात घालून परत काढला.

गुरुवारच्या तालमीला कॉर्नी स्वतः आला. न बोलावता. तळघरात पहिल्या रांगेसमोर घडीची खुर्ची टाकून बसला, पंजा हनुवटीखाली धरूनच.

"गा," तो म्हणाला. "मी ऐकतो काय बिघडलंय ते."

ते गायले. 'स्पिट' आल्यावर कॉर्नीने डोळे मिचकावले, पण हनुवटी हातावर तशीच.

"ऐकू आलं?" इर्मगार्डने विचारलं.

"आठ झाले."

लिओनाने पियानोवर कपाळ टेकलं.

"उभे राहा," इर्मगार्ड म्हणाली. "नाही, उठाच कॉर्नी. तो हात खाली घ्या. आता चाला. डावा पाय हलका टाका, उजवा आपटा. डावा हलका, उजवा जोरात. आणि म्हणा तुमची ओळ."

त्याला ते आवडलं नाही, पण बावीस जण बघत होते. तो खांबांच्या मधून चालू लागला. डावा हलका, उजवा धप्प. "हॉ," तो म्हणाला. "स्पिट." धप्प. "ट. लि." धप्प. खोलीच्या दुसऱ्या टोकाशी जाऊन तो थांबला. पुन्हा वळला आणि पुन्हा ओळ म्हणत आला, या वेळी सावकाश, पायांकडे बघत.

"मी थुंकतोय," तो म्हणाला.

"मी कधीपासून तेच सांगतेय."

"मग नीट का नाही सांगितलंस? शेपूट काय, अलीकडचा तुकडा काय. पाय आपटा म्हणायचं सरळ." आता तो चिडला होता, आणि तो चिडलेला पाहून इर्मगार्डला बरं वाटलं. "मग चाल चुकली. फेकून द्या गाणं. मला हे असलं त्या दारात नको."

"चाल चांगली आहे," मागून हेन्री पेनर म्हणाला. "मला तर घरीही येते तोंडात."

"तू गप्प बस, तुला सगळंच येतं तोंडात."

"कॉर्नी," इर्मगार्ड म्हणाली. तिचाही आवाज आता वर गेला होता. "गाणं बाजूला ठेवा. यमक विसरा, आठ विसरा. तुम्हाला म्हणायचंय काय? टीनाला स्वयंपाकघरात म्हणाल तसं म्हणा."

"म्हणायचं काय म्हणजे? साधं आहे." त्याने हात पसरले. "वुई ऑल शेअर हॉस्पिटॅलिटी. एवढंच. यात न समजण्यासारखं काय आहे, इर्मा?"

इर्मगार्डने स्वतःचा पंजा स्वतःच्या हनुवटीखाली नेला. मग हात काढून लिओनाकडे वळली. "पहिला सूर दे."

लिओनाने दिला. इर्मगार्डने एकटीने गायलं. वुई हलका, ऑल भारी. शेअर हलका, हॉस भारी. पि हलका, आणि टॅ, तो मेला तिसरा तुकडा, भारी सुरावर असा येऊन बसला जसा काही सुरुवातीपासून तिथेच राहायला होता. आठ. तेच शब्द, नुसते उलटे. आणि ऑल, जो मघापर्यंत हलक्या भारीच्या गर्दीत कुठेतरी शेवटाकडे होता, तो आता ओळीच्या तोंडाशीच पहिल्या भारी ठोक्यावर.

तिला आनंद झाला नाही. तिला चार दिवसांची भांडी आठवली.

"यमक गेलं," कॉर्नी म्हणाला. त्यानेही ऐकलं होतं. "शेअर शेवटी राहिला नाही. प्रेअर लटकला."

"मग दुसरी ओळही उलटी करा ना," लिओना म्हणाली. "कम्युनिटी शेवटी न्या. 'अवर होप अँड प्रेअर, कम्युनिटी.' टीला टी."

कॉर्नीने पाय आपटत खोलीभर एक चक्कर मारली. परत आला, खुर्चीवर बसला. "बसतं," तो म्हणाला. मग इर्मगार्डकडे वळून म्हणाला, "इतकं सोपं होतं तर इतके दिवस काय करत होतीस तू?"

इर्मगार्डने गाण्याचे कागद गोळा केले, कारण हातात काहीतरी नसतं तर तिने त्याला मारलं असतं.

त्यानंतरच्या तालमीपर्यंत त्याने उरलेली तीन कडवी पाय आपटून तपासली आणि सगळी मोडून पुन्हा लिहिली. टीनाने फोन करून तक्रार केली की पोर्चची फळी सैल झाली. पूर्वी बरोबर असलेल्या दोन ओळी या भानगडीत बिघडल्या, त्या इर्मगार्डने त्याला न सांगता दुरुस्त केल्या.

उद्घाटनाच्या दिवशी वारा सुटला होता. दोन्ही चर्चच्या पाळकांनी भाषणं केली, दोघांचीही लांबली. मग दारात उभं राहून त्या बावीस जणांनी गाणं गायलं. ऑलवर सगळ्यांचा आवाज आपोआप मोठा झाला, इर्मगार्डने सांगितलं नव्हतं तरी. हेन्री अर्धी ओळ मागे संपला. पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी कोणी मान हलवत होतं, कोणी डुलक्या घेत होतं. कॉर्नी एका बाजूला उभा होता. त्याचा हात हनुवटीखाली नव्हता. दोन्ही हात कोटाच्या खिशात होते आणि उजवा बूट हलत होता.

नंतर सगळे जेवायच्या खोलीत गेले. एकच खोली, मोठी, नवीन रंगाचा वास येणारी. आणि आत शिरताच माणसं, कोणी काही न सांगता, दुभागली. जर्मन चर्चची खिडक्यांकडे, इंग्रजीवाली स्वयंपाकघराकडे. मधली दोन टेबलं रिकामी. पन्नास वर्षांची सवय पायांतच मुरलेली होती. ज्यांनी आत्ताच दारात घसा फोडून ऑल म्हटलं होतं तेसुद्धा ताटं घेऊन आपापल्या बाजूला गेले.

कॉर्नी दाराशीच थांबला. इर्मगार्ड त्याच्या मागे होती. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण खांदे दिसत होते.

"बघ," तो हळूच म्हणाला. "बघ यांना. गाढवं."

टीना आधीच आत गेली होती. तिने मधल्या रिकाम्या टेबलावर आपलं ताट ठेवलं, खुर्ची ओढली आणि बसली. एकटीच. चष्मा पुसला. मग खिडकीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "मीठ कोणाकडे आहे? या टेबलावर मीठ नाही."

खिडकीजवळची एक म्हातारी मीठदाणी घेऊन उठली. तिला चालायला वेळ लागला. मीठ ठेवल्यावर ती परत जायला निघाली, पण अंतर पाहून तिने विचार बदलला आणि टीनाच्या शेजारी टेकली. तिच्या मुलीने मागोमाग तिचं ताट आणलं आणि उभं कशाला राहायचं म्हणून तीही बसली.

एवढंच झालं. बाकी खोली होती तशीच राहिली, खिडक्यांकडची खिडक्यांकडे, इकडची इकडे.

"तीन," कॉर्नी म्हणाला.

"चला," इर्मगार्ड म्हणाली, "आपण पाच करू."

तिने सॉसेज आणि बटाटे वाढून घेतले आणि टीनाच्या समोर जाऊन बसली. कॉर्नी तिच्या शेजारी बसला. त्याने जेवायच्या आधी कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्या ताटाशेजारी ठेवला. नाताळसाठी, तो म्हणाला. नवीन आहे. सुरुवातीलाच एक लांब शब्द घातलाय, पण या वेळी आधी पाय आपटून पाहिलंय.

तिने कागद उघडला नाही. "आधी जेवू द्या मला," ती म्हणाली आणि मिठासाठी हात पुढे केला.